चमत्काराला जाब विचारणारा सिनेमा

विज्ञानपट म्हटला की डोळ्यांसमोर अवकाशयान येते, यंत्रमानव येतो, मोठ्या डोक्याचा परग्रहवासी येतो. पण ही झाली नेपथ्याची सामग्री. यान उडाले म्हणून कुठलाही चित्रपट विज्ञानपट होत नाही आणि एकही यान न दाखवता अस्सल विज्ञानपट होऊ शकतो. या प्रकाराची ओळख पटते ती पडद्यावरच्या अद्भुताकडे चित्रपट कसा पाहतो त्यावरून. पौराणिक चित्रपटात बाळकृष्ण करंगळीवर गोवर्धन उचलतो. तो कसा उचलला, असे तिथे कोणी विचारत नाही. विचारले तर रसभंग होतो. विज्ञानपटात नेमका तोच प्रश्न विचारायचा असतो.

विज्ञानकथेच्या मुळाशी वाचकाच्या जगात नसलेली एक नवी गोष्ट असते आणि ती तर्काला धरून मांडलेली असते, असे दार्को सुविन या अभ्यासकाने १९७०च्या दशकात मांडले. हा विचार सोप्या भाषेत आणला, तर विज्ञानपटाकडून तीन अपेक्षा ठेवता येतात. अद्भुताला काही कारण असावे, मग ते आजच्या विज्ञानाच्या चार पावले पुढचे का असेना. कारण दिल्यावर त्याचे नियम ठरावेत आणि ते सोयीनुसार मोडू नयेत. शिवाय त्या अद्भुतामुळे माणसांच्या जगण्यात काय उलथापालथ होते, ते कथेने दाखवावे. यातली तिसरी अपेक्षा सर्वांत अवघड. लोकांच्या मनात घर करून राहिलेले विज्ञानपट बहुधा तिच्याच जोरावर टिकले आहेत.

जादूगारांची कला

पडद्यावर अद्भुत दाखवण्याची कला जादूगारांनी आणली. पॅरिसचा जॉर्ज मेलिएस हा रंगमंचावर जादूचे प्रयोग करणारा कलावंत. त्याने १९०२ मध्ये चंद्राच्या सफरीवरचा छोटा चित्रपट काढला. तोफेतून सुटलेला गोळा चंद्राच्या डोळ्यात रुततो, हे त्यातले दृश्य आजही ओळखीचे आहे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हेही जादूगार. ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने, म्हणजे आपलेच आडनाव उलटे करून, ते जादूचे प्रयोग करीत.

फाळक्यांच्या कामात दोन्ही वाटा दिसतात. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करताना त्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचे रोप कसे वाढते, याची छोटी फिल्म तयार केली होती. रोज थोडे थोडे चित्रण करून अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत दाखवणारी ही फिल्म म्हणजे निव्वळ निसर्गविज्ञान होते. मग दादरला चित्रित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) यांत त्याच कॅमेऱ्याने हनुमानाला आकाशात उडवले आणि कृष्णाला कालियाच्या फण्यावर नाचवले. तंत्र एकच असले, तरी कथेतल्या चमत्काराला कारण देण्याची गरज नव्हती. प्रेक्षकाला ते कारण घरूनच पाठ होते. मुंबईच्या चित्रसृष्टीने अद्भुताचा पहिला धडा पुराणांकडून घेतला आणि त्याची छाप पुढे तिच्या विज्ञानपटांवरही राहिली.

अदृश्य नायक आणि लाल प्रकाश

मुंबईच्या चित्रपटांना विज्ञानाचा सर्वांत आवडलेला विषय म्हणजे अदृश्य माणूस. यानाचे नेपथ्य बांधायला पैसा लागतो. अदृश्य माणूस दाखवायला तारेला बांधलेली खुर्ची आणि चांगला कॅमेरामन पुरतो. नानाभाई भट यांच्या ‘मिस्टर एक्स’ (१९५७) मध्ये अशोककुमार आणि नलिनी जयवंत होते. ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ (१९६४) मध्ये किशोरकुमार अदृश्य झाला. या सगळ्यांचे मूळ एच. जी. वेल्स यांच्या १८९७ मधील कादंबरीत आणि तिच्यावर जेम्स व्हेल यांनी १९३३ मध्ये काढलेल्या चित्रपटात आहे.

वेल्स यांनी अदृश्यतेला दिलेले कारण भौतिकशास्त्रातले आहे. काच हवेत दिसते, पण तिच्याइतकाच प्रकाश वाकवणाऱ्या द्रवात बुडवली की दिसेनाशी होते. शरीराचा अपवर्तनांक हवेइतका केला तर शरीरही दिसणार नाही, असा त्यांचा तर्क. यात एक अडचण मात्र आहे. दिसण्यासाठी डोळ्यातल्या पडद्याने प्रकाश अडवावा लागतो. पूर्ण पारदर्शक माणसाच्या डोळ्यांतून प्रकाश आरपार जाईल आणि तो आंधळा होईल. ही एक सवलत प्रेक्षक आनंदाने देतात, कारण बाकीची कथा तिच्यावर नीट उभी राहते. व्हेल यांच्या चित्रपटातली करामतही समजून घेण्यासारखी आहे. नटाला डोक्यापासून पायापर्यंत काळे मखमल घालून, त्यावर कपडे चढवून, काळ्या मखमलीच्या पडद्यापुढे उभे केले. फिल्मवर फक्त कपडे उमटले आणि ते चित्र खोलीच्या चित्राशी जोडले गेले.

शेखर कपूर यांचा ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) या मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चित्रपट. सलीम-जावेद यांच्या पटकथेत नायक अरुणला वडिलांनी शोधलेले यंत्र मिळते. ते मनगटावर चढवले की तो दिसेनासा होतो. या यंत्राला एक मर्यादा आहे: लाल प्रकाशात माणूस दिसतो. लेखनाच्या दृष्टीने ही मर्यादा म्हणजे खरी कमाई. सर्वशक्तिमान नायकाची काळजी कोणी करीत नाही. लाल प्रकाशाची तिरीप पडली की पकडला जाणारा नायक मात्र प्रेक्षकाला खुर्चीच्या कडेवर आणून बसवतो. यातच हनुमानाच्या मूर्तीचा प्रसिद्ध प्रसंग आहे. मूर्तीवर डोळा ठेवून आलेल्या परदेशी चोराला तीच मूर्ती हवेत तरंगत बडवून काढते. चोराला तो बजरंगबलीचा कोप वाटतो. मूर्ती कोणाच्या हातात आहे, ते प्रेक्षकाला ठाऊक असते. पौराणिक चमत्कार आणि विज्ञानपटातले यंत्र एकाच चौकटीत शेजारी उभे राहिलेले असे दृश्य हिंदी चित्रपटात दुर्मीळच. पीटर परेरा यांनी हे छायाचमत्कार संगणकाविना घडवले. ‘मिस्टर एक्स’चे अशोककुमार इथे यंत्राचे रहस्य सांगणाऱ्या प्राध्यापकाच्या भूमिकेत आहेत, हाही एक नेटका योग.

पाळी, भोंगा आणि ‘मेट्रोपोलिस’

अदृश्य माणसाच्या कथेत अद्भुताचा परिणाम एकट्यादुकट्यावर होतो. विज्ञानपटाचा दुसरा मोठा प्रवाह यंत्रामुळे सगळा समाज कसा बदलेल, हे विचारतो. त्याचा पाया फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ने (१९२७) घातला. या जर्मन मूकपटातल्या शहरात मालक उंच मनोऱ्यांत राहतात आणि कामगार जमिनीखाली. सुरुवातीलाच पाळी बदलते. एक रांग माना खाली घालून आत जाते, दुसरी तशीच बाहेर येते. दोन्ही रांगांची पावले ठेक्यात पडतात. घड्याळ दहा तासांचे आहे, कारण कामाची पाळी दहा तासांची. पुढे कामगारांची पुढारी मारिया हिच्या रूपाची यंत्रस्त्री बनवून कामगारांना भडकवले जाते.

लालबाग, परळ, चिंचपोकळी, घोडपदेव या गिरणगावाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. भोंग्यावर उठणे, पाळीला जाणे, पाळीवरून आलेल्याने रिकाम्या केलेल्या जागेवर झोपणे, हा या वस्त्यांचा अनेक दशकांचा क्रम होता. ‘मेट्रोपोलिस’नंतर पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२८ मध्ये, मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. एका विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, यासारख्या मालकांच्या योजना हे त्याचे एक प्रमुख कारण होते. संप ऑक्टोबरपर्यंत चालला आणि त्याच वर्षी गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. यंत्र माणसाचे काम हलके करणार की माणसे कमी करणार, हा बर्लिनजवळच्या स्टुडिओतला प्रश्न मुंबईत खात्याखात्यांत विचारला जात होता.

रिडली स्कॉट यांच्या ‘ब्लेड रनर’ने (१९८२) हाच प्रश्न पुढे नेला: कामासाठी बनवलेल्या कृत्रिम माणसांना आपले आयुष्य ठरावीक वर्षांचेच आहे हे कळले, तर ते काय करतील? त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. चाळींच्या डोक्यावर काचेचे मनोरे असलेले शहर दाखवायला मुंबईच्या दिग्दर्शकाला वेगळे नेपथ्य उभारावे लागणार नाही. एवढी सामग्री दाराशी असताना गिरणगावावर आजवर वास्तववादी नाटके आणि चित्रपट झाले. भविष्यपट मात्र ठळकपणे नजरेत येत नाही.

आकाशाकडे रोखलेली बोटे

अवकाश हा विषय भारतीय पडद्यावर चांद्रविजयाच्या आधीच आला. १९६७ मध्ये दारासिंगचा ‘चाँद पर चढाई’ आणि प्रदीपकुमार व तनुजा यांचा ‘वहाँ के लोग’ हे दोन हिंदी चित्रपट आले. पहिल्यात चंद्रावर कुस्तीच्या अंगाने मारामाऱ्या होतात. दुसऱ्यात मंगळवासीयांच्या नावाखाली हेरगिरीचा डाव रचलेला असतो. एकात अवकाश हा नुसता आखाडा, दुसऱ्यात नुसता बहाणा. त्याच सुमारास सत्यजित राय यांनी बंगालमधल्या खेड्यात उतरणाऱ्या परग्रहवासीयाची ‘द एलियन’ ही पटकथा लिहिली. हॉलिवूडच्या कोलंबिया कंपनीशी बोलणी होऊनही तो चित्रपट झाला नाही. स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या ‘ई. टी.’मध्ये (१९८२) तिची सावली दिसते, अशी चर्चा पुढे बरीच झाली. निरुपद्रवी पाहुणा आणि त्याच्याशी मैत्री करणारा मुलगा हे सूत्र ‘कोई... मिल गया’ने (२००३) घराघरात पोहोचवले. त्यातला संदेश अवकाशात जातो तो ‘ॐ’च्या ध्वनीतून, आणि ‘जादू’ हा परग्रहवासी ताकद घेतो ती उन्हातून. पुराण आणि विज्ञान यांचा जुना शेजार इथेही सुटलेला नाही.

महाराष्ट्राचा या प्रवाहाशी एक थेट धागा आहे. स्पिलबर्ग यांच्याच ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ (१९७७) मध्ये भारतातला एक प्रसंग आहे. कथेत ते ठिकाण उत्तर भारतात असल्याचे सांगितले असले, तरी चित्रीकरण झाले रायगड जिल्ह्यात, खालापूरजवळच्या हाळ गावी. शास्त्रज्ञाच्या भूमिकेतले फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो त्यासाठी इथे आले होते. प्रसंग असा: माळावर जमलेला मोठा जमाव पाच सुरांची एक ओळ एकमुखाने पुन्हापुन्हा गातो आहे. शास्त्रज्ञ दुभाष्यामार्फत विचारतात, हे सूर आले कुठून? उत्तर शब्दांत मिळत नाही. शेकडो हात एकदम वर जातात आणि बोटे आकाशाकडे रोखली जातात. यान नाही, प्राणी नाही, एकही यांत्रिक करामत नाही. तरी त्या क्षणी वर काहीतरी आहे, याची प्रेक्षकाला खात्री पटते. पुढे हेच पाच सूर माणसे आणि परग्रहवासी यांच्यातली भाषा ठरतात.

राजकुमार हिराणी यांच्या ‘पीके’ने (२०१४) परग्रहवासीयाचा उपयोग वेगळ्या कारणासाठी केला. पृथ्वीवर पाय ठेवताच ज्याचे परतीचे यंत्र चोरीला जाते, असा हा पाहुणा देव शोधत फिरतो आणि आपल्याला सवयीच्या झालेल्या रूढी त्याच्या नजरेतून विचित्र दिसू लागतात. ओळखीचे जग अनोळखी करून दाखवणे, हे विज्ञानपटाचे जुने काम तो हसत-खेळत करतो.

यंत्राला अब्रू कळत नाही

यंत्रमानवाच्या कथांमध्ये भारतात सर्वाधिक गाजला तो शंकर यांचा तमिळ ‘एंदिरन’ (२०१०), हिंदीत ‘रोबोट’. नायक रजनीकांत म्हणजे बंगळुरूच्या मराठी कुटुंबात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड. चित्रपटातली रेल्वेतली मारामारी आणि शेवटचा यंत्रांचा गोळा लोकांच्या लक्षात राहिला, पण विज्ञानपट म्हणून त्याचा कणा एका वेगळ्याच प्रसंगात आहे. इमारतीला आग लागते. चिट्टी हा यंत्रमानव एकेकाला उचलून बाहेर आणतो. एक मुलगी स्नानगृहात अडकलेली असते. तिलाही तो आहे त्या अवस्थेत गर्दीसमोर आणून ठेवतो. जीव वाचवला, आज्ञा पाळली, हिशेब बरोबर. ती मुलगी मात्र लाजेने धावत सुटते आणि वाहनाखाली येऊन मरते. यंत्र बिघडलेले नसते. ‘वाचव’ या शब्दात माणसे काय काय गृहीत धरतात, हे कोणी त्याला सांगितलेले नसते, एवढेच. यावर उपाय म्हणून चिट्टीला भावना शिकवल्या जातात आणि भावनांबरोबर प्रेम, मत्सर आणि सूडही येतात. कारण, नियम आणि परिणाम अशी सरळ साखळी इथे दिसते. कृत्रिम बुद्धिमत्ता रोजच्या वापरात आल्यावर तर हा प्रसंग अधिकच जवळचा झाला आहे.

विज्ञान किती खरे हवे?

विज्ञानपट म्हणजे विज्ञानाचा तास नव्हे. त्यातले विज्ञान तंतोतंत खरे असावे, असा नियम नाही. ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) हिंदीत भाषांतरित होऊन १९९४ मध्ये भारतभर तुफान चालला. त्यात राळेच्या खड्यात अडकलेल्या डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनासोरचा डीएनए मिळवतात. प्रत्यक्षात आजवर मिळालेला सर्वांत जुना डीएनए सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा आहे आणि डायनासोर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले. कारण टिकणारे नसले तरी ते आहे, त्याला नियम आहेत आणि जे बनवता येते ते ताब्यात ठेवता येईलच असे नाही, हा परिणामही ठसठशीत आहे.

काही चित्रपट काटेकोरपणातूनच नाट्य काढतात. निर्वातात आवाज पोहोचत नाही, म्हणून स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मध्ये (१९६८) यानाबाहेरची दृश्ये शांततेत, पार्श्वसंगीतावर किंवा अंतराळवीराच्या श्वासाच्या आवाजात घडतात. ‘इंटरस्टेलर’साठी (२०१४) पुढे नोबेल मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न सल्लागार होते. त्यातल्या कृष्णविवराजवळच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. प्रबळ गुरुत्वाकर्षणात काळ संथ होतो, हे आइन्स्टाइनचे सूत्र. पण प्रेक्षकाचा गळा दाटतो तो त्या सूत्राचा हिशेब एका बापाला आपल्या लेकरांच्या वयात मोजावा लागतो तेव्हा.

शेजारची घरे

सीमा कुठे पडते, हे शेजारच्या प्रकारांवरून कळते. राही बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) अद्भुत आहे, त्याचे कडक नियमही आहेत, पण त्याचे मूळ देवकथेत आहे, म्हणून तो भयकथेच्या घरचा. केदार शिंदे यांच्या ‘अगं बाई अरेच्चा!’मध्ये (२००४) नायकाला बायकांच्या मनातले ऐकू येते ते देवीच्या कृपेने. हीच शक्ती त्याला मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या उपकरणाने मिळाली असती तर विनोद तसाच राहिला असता, पण उपकरण कोणी बनवले, ते आणखी कोणाच्या हाती लागेल, असे प्रश्न पाठोपाठ आले असते. ‘स्टार वॉर्स’मध्ये (१९७७) याने आहेत, लेझरच्या तलवारी आहेत, कथेचा गाभा मात्र राजकन्या, गुरू आणि दैवी शक्ती असा परीकथेचा. ‘कल्की २८९८ एडी’ने (२०२४) तर अश्वत्थाम्यालाच भविष्यातल्या शहरात आणून उभे केले. या भिंती पक्क्या नाहीत आणि भारतीय प्रेक्षकाला त्या ओलांडलेल्या आवडतात.

मराठीत कथा उदंड, चित्रपट थोडे

मराठीत विज्ञानकथेची परंपरा भक्कम आहे. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे टोपणनाव कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणाऱ्या जयंत विष्णु नारळीकर यांचे होते. परीक्षकांवर नावाचा प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी केली होती. म्हणजे ‘इंटरस्टेलर’च्या चाळीस वर्षे आधी कृष्णविवर मराठी वाचकाच्या घरी पोहोचले होते. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी ही वाट रुंद केली.

पडद्यावर मात्र हे पीक फारसे उतरले नाही. सुजय डहाके यांचा ‘फुंतरू’ (२०१६) हा ठळक प्रयत्न. अभियांत्रिकीचा विद्यार्थी आवडत्या मुलीची प्रकाशप्रतिमा घडवतो आणि तिच्याशी नाते जोडू पाहतो, अशी ती कथा. अशा चित्रपटांना खर्च फार येतो आणि मराठीची बाजारपेठ लहान, हे कारण नेहमी पुढे केले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण उत्तर नाही. मूळच्या नागपूरच्या आरती कडव यांच्या ‘कार्गो’ (२०१९) या हिंदी चित्रपटाने ते दाखवून दिले. त्यात ‘पुष्पक’ नावाच्या यानावर प्रहस्त नावाचा राक्षस नोकरी करतो. मेलेली माणसे तिथे येतात. त्यांचे सामान उतरवून घ्यायचे, जखमा भरायच्या, आठवणी पुसायच्या आणि त्यांना पुनर्जन्मासाठी रवाना करायचे, हे त्याचे काम. सगळा चित्रपट जवळजवळ एका यानात आणि दोन पात्रांत घडतो. यंत्रे जुन्या दवाखान्यातल्यासारखी, कारभार सरकारी कचेरीसारखा. पुराणातला पुनर्जन्म इथे नियमांनी बांधलेली, कंटाळवाणी, रोजची पाळी होऊन येतो. फाळक्यांपासून शेजारी नांदणारे पुराण आणि विज्ञान एकमेकांत इतके सफाईने मिसळलेले दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

या प्रकाराची ओळख करून घेणाऱ्याला सुरुवातीला मोजके चित्रपट पुरतात: समाजाच्या प्रश्नासाठी ‘मेट्रोपोलिस’, अवकाशाच्या शांततेसाठी ‘२००१’, परक्याशी संवादासाठी ‘क्लोज एन्काउंटर्स’, नियमात बांधलेल्या गमतीसाठी ‘मिस्टर इंडिया’, यंत्राच्या चुकीसाठी ‘एंदिरन’ आणि थोडक्या साधनांतल्या मोठ्या कल्पनेसाठी ‘कार्गो’. यांतले निम्मे चित्रपट करामतींच्या बाबतीत कधीच मागे पडले, तरी पाहवतात, कारण त्यांनी विचारलेले प्रश्न अजून सुटलेले नाहीत. विज्ञानपटाची शेवटची कसोटी तीच. त्यातले यंत्र काढून घेतले आणि कथा जशीच्या तशी चालू राहिली, तर ते यंत्र शोभेचे होते. यंत्राबरोबर कथाही कोसळत असेल, तर तो विज्ञानपट.